भैरू थांबणार न्हाई!

आमच्या शेजारचे नाना मोबाईलवर कुस्ती बघताना चप्पल काढतात. आणि उभं राहून बघतात! एकदा मी म्हणलं, "आवं नाना, बसा की." तर म्हणाले, "पैलवान उभा आन मी बसू व्हय गं?" मिल्ट्रीतनं रिटायर झालेला माणूस, त्यात कुस्तीचा नाद. काय बोलणार!

आणि कुस्ती म्हणजे फक्त भैरू पैलवान. आमच्याच गावचा. लहानपणी त्याला रोज पहाटे सायकलवरनं तालमीत सोडायला नानाच जायचे. आता मैदान कुठंही असू दे, नानांना न्यायला भैरूची गाडी आधी त्यांच्या दारात. काकू गेल्यापासनं नाना दुसरीकडं कुठं जातच नाहीत. लग्नाला नाही, बारशाला नाही.

तर मध्यंतरी काय झालं! मलकापूरच्या एका फ्लेक्सवाल्यानं स्टेटसला बोर्डाचं कच्चं डिझाईन टाकलं. 'भैरू पैलवान यांच्या निवृत्तीनिमित्त जाहीर सत्कार.' तारखेची जागा रिकामी. दहा मिनिटांत काढलं त्यानं, पण मी स्क्रीनशॉट मारलेला! लगेच टाकला आमच्या फॅन ग्रुपवर. झालं, ग्रुप पेटला.

"खांदा गेला असणार."

"लग्न ठरलंय गड्या."

"सरपंचकीला उभा राहतोय, लिहून घे!"

आणि भैरूचा फोन बंद.

नानांचा ग्रुपवर एकच व्हॉईस मेसेज, तोही ओरडून: "फेक हाय! भैरू थांबणार न्हाई!" मग माझ्याकडं आले. फोटो मोठा करून बोट ठेवलं. "डावा कान बघ. कुस्त्या खेळून मोडलाय तसा दिसतोय का? न्हाई. म्हंजे फोटो जुना. फोटो जुना, म्हंजे बातमी खोटी."

"नाना, बोर्डावर सगळेच जुना फोटो टाकतात. आमदार बघा की!"

"तू गाडी काढ."

स्कूटीवरनं थेट मलकापूर. नानांना बघून फ्लेक्सवाला खुर्चीतनं उठलाच. "आवं नाना, बरं झालं आला! तुमचाच फोटो राहिलाय. पैलवान म्हणलाय, वर वस्तादाशेजारी नाना पायजेत. त्यांचा फोटो आल्याबिगर बोर्ड छापायचा न्हाई. माझ्याकडनं चुकून स्टेटसला गेलं."

"त्यानंच सांगितलंय?"

"व्हय. गुडघा संपलाय त्याचा. तुमाला तोंडावर सांगायचं धाडस होईना."

नाना एकदम, "माझा फोटो मिळणार न्हाई!" आणि तडक बाहेर.

पंधरा दिवस! फ्लेक्सवाला रोज मला फोन करतोय. आधार कार्डावरचा फोटो द्या म्हणलं, तर नानांनी आधार कार्ड लपवलं. ते जेवताना मी खिडकीतनं गुपचूप काढायला गेले, तर ताट तोंडापुढं धरलं. आमटी सांडली, पण चेहरा दिला नाही!

आणि रविवारी सकाळी स्वतःच माझ्या दारात. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, फेटा.

"भैरू आल्ता," म्हणाले. "एक पायरी चढायला भिंत धरली गं त्यानं." फेटा नीट केला. "काढ फोटो."

मी काढला. त्यांनी बघितला. "हललाय. परत काढ."

परत काढला. "हललाय."

दुपारपर्यंत मी शंभरेक फोटो काढले. एकही हलला नव्हता. मी काढत राहिले.