ठकूबाईंचं पान

सरकारनं मला खुर्ची दिली, टेबल दिलं, एक गळकी दौत दिली. मांजर मात्र ठकूबाईंनी दिलं. चावडीतल्या दप्तराला उंदीर लागतील आणि कुरतडायला नेमकं आपलंच पान निवडतील, अशी त्यांची खात्री होती. पिशवीतून मांजर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बजावलं, "भाऊसाहेब, दूध तुमी घालायचं. राखण सरकारी हाय."

बाहत्तरच्या आसपासची गोष्ट. नेवाशाजवळच्या एका गावात मी तलाठी होतो. ठकूबाईंची तीन एकर जमीन. त्यांचा नवरा ती आधी दुसऱ्याचं कूळ म्हणून कसायचा. कुळकायद्यानं त्याच्या नावावर झाली. तो वारून चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दर बाजारच्या दिवशी बाई येत, सातबाराचं पुस्तक उघडायला लावत, आपलं पान जागेवर आहे हे बघत आणि मगच भाजीला जात. वाचता येत नव्हतं, पण घाईत मी दुसरं पान उघडलं की म्हणत, "हे आमचं न्हाई. हे लई गिचमीड हाय."

शेजारचं पान त्यांच्या दिराचं. त्याच्याशी बांधावरून हाडवैर. पुस्तक मिटलं की दोन्ही पानं एकमेकांना चिकटतात हे ध्यानात आल्यावर त्यांनी मध्ये कडुलिंबाचा पाला घालायचा हट्ट धरला. मी घातला. नोकरीत याहून अडाणी हुकूम मी पाळले आहेत.

तेवढ्यात जमिनीच्या कमाल मर्यादेचा नवा कायदा येणार म्हणून तालुका ढवळून निघाला. जादा जमीन सरकार घेणार, भूमिहीनांना वाटणार. आमच्या बागायतदारांनी यावर सोपा उपाय शोधला होता. जमीन जास्त नावांत वाटलेली दिसावी म्हणून त्यांनी आपली मेलेली माणसं कागदावर जिवंत ठेवली. कधीच जळालेले आजोबा जोमानं ऊस पिकवत होते. मग वरून हुकूम आला, की मयत खातेदारांची नावं कमी करा, वारस लावा.

ठकूबाईंना हे काम फार आवडलं. बोलावणं नसताना रोज हजर. "ह्यो म्हातारा कवाच गेला, भाऊसाहेब. तेराव्याला जेवले मी. बुंदी कच्ची हुती." असे भक्कम पुरावे देत. बागायतदार त्यांना बघून वाट बदलू लागले.

शेवटी त्यांचंच पान आलं. वर नाव किसन धोंडी. मी समजावलं, की मयताच्या नावाला कंस करायचा, म्हणजे ते कमी झालं, आणि खाली वारस म्हणून तुमचं नाव लावायचं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि तडक निघून गेल्या.

पुढचे दोन बाजार त्या आल्याच नाहीत. इकडे दिरानं, भावाला मागं कोणी नाही असं खुशाल लिहून, वारस म्हणून स्वतःची वर्दी दिली. मला खरं ठाऊक होतं, पण तलाठ्याला ठाऊक असून भागत नाही, बाईंचा अंगठा हवा. नाहीतर तीन एकर गेलेच. मी चिडून त्यांच्या घरी गेलो आणि जमीन नको आहे का, म्हणून विचारलं.

शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "जमीन पायजेच. उभा जल्म राबलोय दोगं तितं. पर त्यांचा फोटू न्हाई, भाऊसाहेब. अजून मालक हायत ते तेवढ्या एका पानावर. पान कशाला बघाय येते मी? त्यास्नी बघाय येते."

या बाईची मी तालुकाभर टिंगल केली होती, त्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या आणि अंगठा उठवला. दिराची वर्दी फेटाळली गेली. माझ्या वरच्या सर्कलसाहेबांनी चावडीत येऊन बाईंची नोंद मंजूर केली त्या दिवशी मी टाक घेतला आणि किसनच्या अलीकडचा अर्धा कंस काढला. पलीकडचा काढणार तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ती बाजू वाईच उघडी ऱ्हाऊ द्या. आत एकटेच कोंडल्यावानी व्हत्याल."

मी सर्कलसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

पलीकडचा कंस मी काढला नाही. त्या उघड्या बाजूला अगदी लागून, खालच्या ओळीत लिहिलं, ठकूबाई किसन.