जूरीचे थेंब

रुदैनाने थेंबांची बाटली उलटी करून हलवली, बुडावर टिचक्या मारल्या, शेवटी आत कोमट पाणी घालून खळखळवलं आणि तेही नऊ महिन्यांच्या जूरीच्या तोंडात सोडलं. आता खरोखरच काही उरलं नव्हतं.

"संपली," तिने नवऱ्याला सांगितलं. "लहान मुलांचा दवाखाना बंद आहे, तिथे कुणी फोन उचलत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, अंगावरचं पितेय तोवर व्हिटॅमिन डी चुकवायचं नाही. त्यात या पोरीने किती दिवसांत ऊन पाहिलेलं नाही!"

"आणतो की. त्यात काय एवढं?" मुन्तसिर म्हणाला.

त्या दिवसांत साथीमुळे अम्मानमध्ये गाड्या बंद होत्या. जे काय आणायचं ते दिवसा, पायी. संध्याकाळी सहाला भोंगा वाजला की रस्त्यावर सापडलेल्या माणसाची रवानगी सरळ कोठडीत. मुन्तसिर जबल ताज टेकडीवरच्या घरातून निघून उतार उतरला, पलीकडची टेकडी चढला, वाटेत दिसेल त्या औषधांच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिला. सगळीकडे एकच उत्तर.

"साथीच्या धास्तीने मोठ्यांच्या गोळ्या संपल्या तेव्हाच मी ओळखलं होतं," शेवटचा दुकानदार वैतागून म्हणाला. "आता मोठी माणसं पोरांचे थेंब पितात. चमच्याने! काल एकजण मला म्हणतो, बाळाला एक थेंब, तर माझ्या वजनाला किती?"

"मग तुम्ही दिलेत कशाला?"

"प्रत्येकजण म्हणतो घरी बाळ आहे. मी काय घरी जाऊन पाळणा बघू?"

मुन्तसिर घरी पोचला आणि मागे भोंगा वाजला. त्याचा घामेजलेला चेहरा पाहून रुदैनाने भांडी जरा जोरात आपटली. मग तिनेच म्हटलं, "इमारतीच्या ग्रुपवर तरी विचार. एवढी बिऱ्हाडं आहेत, कुणाकडे तरी असेलच."

त्याने लिहिलं, "जूरीचे व्हिटॅमिन डीचे थेंब संपलेत. कुणाकडे असल्यास कृपया कळवावं."

तळमजल्यावर अबू गस्सान राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा चष्मा कधीच जागेवर नसायचा. त्यांना फक्त जूरीचं नाव आणि 'थेंब' एवढंच दिसलं. माणूस मायाळू. त्यांनी लगेच लिहिलं, "अल्लाह लेकराला लवकर बरं करो."

त्यावर दुसऱ्या मजल्याने "आमीन" म्हटलं. चौथ्या मजल्याने हात जोडले. मग कुणीतरी विचारलं, "ताप किती आहे?"

"ताप नाहीये," मुन्तसिरने लिहिलं.

"सुरुवातीला नसतोच," तिसऱ्या मजल्यावरच्या उम लैथनी लिहिलं.

रुदैनाने फोन हिसकावून घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं की पोरगी ठणठणीत आहे, आता हमूसची वाटी डोक्यावर पालथी घालून बसली आहे. पण तोवर त्याखाली इतक्या प्रार्थना साचल्या होत्या की तो खुलासा कुणाच्या नजरेसच पडला नाही.

सकाळी दारात रुग्णवाहिका उभी. पांढरे पोशाख घातलेली माणसं जिना चढून वर आली. कुणीतरी सरकारी नंबरवर फोन केला होता.

"आजारी मूल कुठे आहे?" त्यांच्यातल्या डॉक्टरने विचारलं.

"आजारी नाहीये हो! थेंब संपलेत तिचे!"

"बहीणबाई, तक्रार आली की मला तपासावंच लागतं."

जूरीच्या नाकात काडी गेली तेव्हा तिने जो टाहो फोडला, त्याने उरलेल्या इमारतीची खात्रीच पटली. निकाल येईपर्यंत फाटकाला फीत बांधली गेली आणि एक पोलीस खुर्ची टाकून बसला. आता भाकरी आणायलाही कुणाला बाहेर पडता येईना. रुदैनाने गॅलरीत येऊन वर पाहिलं.

"फोन कुणी केला?"

गॅलऱ्यांतली डोकी पटापट आत गेली. मग उम लैथ म्हणाल्या, "ते जाऊ दे गं. पोरीला ताकद यायला हवी, म्हणजे निकाल चांगला येईल आणि आपण सुटू. थांब, काहीतरी पाठवते."

वरून दोरीला बांधलेली टोपली हेलकावे खात खाली आली. टोपलीत व्हिटॅमिन डीच्या थेंबांची बाटली होती. निम्मी भरलेली.

रुदैनाने बाटली वर उचलून धरली. "खाला, हे तुमच्याकडे होतं?"

"अगं, कनारीच्या पाण्यात घालते. साथीत पक्ष्यांनाही जपावं लागतं."

"कालच्या मेसेजमध्ये हेच मागितलं होतं आम्ही!"

"मला वाटलं, पोरगी आजारी आहे. आजारी माणसाच्या घरचा मेसेज शेवटपर्यंत वाचायला माझा जीव धजत नाही."

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. अबू गस्सान गुडघ्यांसाठी घेत होते. त्यांनी आपली बाटली जिन्यात ठेवली, दार वाजवलं आणि पळाले. चौथ्या मजल्याने न फोडलेल्या दोन पाठवल्या. कुणी केस गळतात म्हणून घेतली होती, कुणी शेजारी घेतात म्हणून. दुपारपर्यंत रुदैनाच्या ओट्यावर बाटल्यांची रांग लागली. ज्यासाठी मुन्तसिरने दोन टेकड्या तुडवल्या, ते सगळं त्याच्या डोक्यावर आणि पायाखाली होतं. तो खुर्चीत बसून नुसता त्या रांगेकडे बघत होता.

"एक शब्द बोलू नकोस," रुदैना म्हणाली. तिने नवी बाटली फोडून जूरीला थेंब दिला. जूरीने तोंड वाकडं केलं, पण गिळला.

दुसऱ्या दिवशी तोच डॉक्टर निकाल घेऊन आला. मुलगी निरोगी होती. फीत सुटली. खाली टाळ्या वाजल्या, पोलीस खुर्ची उचलून गेला. डॉक्टर मात्र उंबऱ्यावरच घुटमळत राहिला. त्याची नजर ओट्याकडे गेली होती.

"आता आणखी काय राहिलं?" रुदैनाने कपाळाला हात लावला.

"रागावणार नसाल तर विचारतो." त्याचा आवाज एकदम खाली आला. "माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. मी अख्ख्या शहरात शोधलं. बायको रोज विचारते, एवढा डॉक्टर झालास, तुला साधे थेंब मिळत नाहीत?"

रुदैना क्षणभर त्याच्या धुरकटलेल्या चष्म्याकडे बघत राहिली. मग तिने न फोडलेली बाटली त्याच्या हातात ठेवली. तिने हातानेच 'जा' म्हटलं. त्या पांढऱ्या पोशाखाला खिसा नव्हता, म्हणून बाटली मुठीत आवळून तो जिना उतरला.

तळमजल्यावर अबू गस्सानचं दार किलकिलं झालं. "डॉक्टरसाहेब, हातात काय नेताय?"

डॉक्टर थबकला. "नमुना," तो म्हणाला.

दार धाडकन बंद झालं, आतून कडी लागली.