चंद्रशेखरने गाडीचं घड्याळ उघडलं

चंद्रशेखरच्या बायकोने, शर्मिलाने, निकाल देऊन टाकला होता. रविवारी संध्याकाळपर्यंत गाडीचं घड्याळ सुरू झालं नाही, तर गाडी विकायची. गिऱ्हाईकही तिनेच शोधलं होतं, ऐरोलीतलंच. "आज घड्याळ गेलं, उद्या ब्रेक जाईल," असं तिचं म्हणणं.

चंद्रशेखरचा त्या पंधरा वर्षांच्या गाडीवर जीव होता. (गाडीचा त्याच्यावर किती होता, ते ती प्रत्येक चढावर दाखवून देई.) मेकॅनिक म्हणाला, घड्याळातले जॉइंट सुटलेत, पार्ट मिळत नाही, कथील वितळवून पुन्हा सोल्डर करून बघा. "हात्तिच्या, एवढंच ना!" म्हणत नवऱ्याने सोल्डरिंग आयर्न आणलं, तीन व्हिडिओ बघितले आणि रविवारी बायको सोसायटीच्या मीटिंगला जाताच डायनिंग टेबलावर दुकान मांडलं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चांगुणाबाई, म्हणजे त्याच्या सासूबाई, मेथी निवडत होत्या. दोन दिवसांसाठी लेकीकडे आल्या होत्या.

"आई, जरा लांब बसा हां. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे."

"बरं, जावईबापू," म्हणून त्या मेथीसकट वीतभर सरकल्या.

चंद्रशेखरचा कथलाचा पहिला थेंब चिपच्या एका पायावर बसायचा तो पाच पायांवर बसला. दुसरा त्याच्या अंगठ्यावर बसला. तो किंचाळला, आयर्न सुटलं आणि शर्मिलाच्या नव्या टेबलक्लॉथला रुपयाएवढं भोक पडलं. त्याने घाईघाईने त्यावर मेथीची जुडी ठेवली. आता गाडी गेलीच, या विचाराने त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"आदी टोक पुसा," चांगुणाबाई म्हणाल्या. "वल्ल्या स्पंजाला. आन् पाय तापवा, तार न्हाई."

"तुम्हाला काय माहीत यातलं?"

"मग म्हाप्याच्या सर्किटच्या कंपनीत बावीस वर्सं काय पापड लाटले का मी?"

चौदा वर्षं तो त्यांचा जावई होता. सासूबाई 'कंपनीत' होत्या एवढंच त्याला ठाऊक. तिथे काय करायच्या, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्याला खरोखर लाज वाटली. त्याने निमूट आयर्न त्यांच्या हाती दिलं आणि स्वतः मेथी निवडायला घेतली. (देठ ठेवले, पानं टाकली.) त्यांनी चष्मा चढवला आणि वीस मिनिटांत काम उरकलं.

संध्याकाळी ट्रायल म्हणून तिघं सीवूड्सपर्यंत निघाली. डॅशबोर्डवर आकडे हिरवेगार लागले होते. शर्मिलाने तिथूनच गिऱ्हाइकाला नाही म्हणून फोन केला. चंद्रशेखर इतका खूश झाला, की सिग्नलला एका रिक्षाला चक्क पुढे जाऊ दिलं.

"विशेष काही नव्हतं गं," तो म्हणाला. "थोडा पेशन्स लागतो, बस."

मागच्या सीटवर चांगुणाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"पण शेखर, तास आणि मिनिटांच्या मधले ते दोन ठिपके का नाही लागत?" शर्मिलाने विचारलं.

चंद्रशेखरने एकदम आरशात पाहिलं.

"त्यो येक जॉइंट जावईबापूंचाच ठेवलाय," मागून मायेचा आवाज आला. "समदेच मी नव्यानं केले असते, तर जावयाचा मान काय राहिला असता?"