केरूचे आजोबा तीनदा वारले

माझी स्मरणशक्ती हा आमच्या घराण्याचा दागिना आहे! आता कालच घेतलेली औषधं मी कुठे ठेवली हे मला आठवत नाही, असं आमच्या सौभाग्यवती उत्तराबाई तुम्हाला लगेच सांगतील. सांगू द्या. पण घोटीच्या शाळेत आठवी ते दहावी कोण कुठल्या बाकावर बसायचं, कोणी कोणाचा डबा फस्त केला, कोणाला कुठल्या सरांनी कशासाठी बडवलं, सगळं मला तोंडपाठ आहे! म्हणून तर वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा मला एकमताने अ‍ॅडमिन केलं. कोणाला नातू झाला, कोणाचा गुडघा बदलला, बातमी आधी माझ्याकडे येते आणि मग ग्रुपवर जाते. शिवाय रोज सकाळी मी एक शाळेची आठवण टाकतो. अर्थात दुसऱ्या कोणाची तरी. माझ्या नववीतल्या स्नेहसंमेलनाचा विषय कोणी काढलाच, तर तो मेसेज मी ताबडतोब उडवतो. अ‍ॅडमिनला एवढा अधिकार हवाच!

तर यंदा आमच्या वर्गाचा मेळावा ठरला. स्टेजवरून एकेकाच्या गमती सांगायच्या आणि सुरुवात करायची केरू भोरपासून, ही कल्पना माझीच. केरूची घोटीला भाताची गिरणी आहे. आज गावात त्याच्या शब्दाला वजन आहे, पण शाळेत त्याच्याइतका उपद्व्यापी प्राणी दुसरा नव्हता. दीपक आमच्याच वर्गातला, त्याचा मंडप-स्पीकरचा धंदा. तो म्हणाला, "नाना, एक झकास निवेदक ठरवलाय. तो तुला फोन करेल. केरूचं सगळं सांग त्याला, हातचं राखू नकोस!"

हातचं राखणं माझ्या स्वभावातच नाही.

दुसऱ्याच दिवशी जेवण झाल्यावर फोन आला. आवाज भारदस्त. मी मनात म्हटलं, वा! दीपकने माणूस चांगला निवडलाय!

"नमस्कार, मी दरेकर बोलतोय. केरू भोरांबद्दल जरा माहिती पाहिजे होती. तुम्ही त्यांचे वर्गमित्र, म्हणून..."

"अहो, तुमच्याच फोनची वाट बघत होतो! विचारा!"

"मोकळेपणानं सांगा. पुढं काही निघायला नको."

"छे! सगळं आत्ताच काढू!"

"शिक्षणात कसे होते?"

"त्याच्यापेक्षा त्याची म्हैस शिक्षणात बरी होती! रोज त्याच्यामागे शाळेत यायची. एकदा तपासणीला साहेब आले आणि ही वर्गात! सर इतके गडबडले की हजेरीत एक मूल जास्त भरलं!"

पलीकडून पुढचा प्रश्न आला, "स्वभावानं कसे?"

"तापट! कबड्डीच्या सामन्यात पंचाने बाद दिलं, तर याने पंचालाच उचललं आणि भाताच्या खाचरात ठेवलं. टाकलं नाही हं, ठेवलं! मांडी घालून!"

"आणि... व्यसन वगैरे?"

निवेदक फारच कसून तयारी करत होता. मला कौतुक वाटलं. "जबरदस्त व्यसन! करवंदांचं! करवंदांसाठी हा माणूस गणिताचा पेपर अर्धा टाकून डोंगरात गेला होता."

"घराण्यात काही आजारपण?"

"आजारपण कसलं, थेट मरण! त्याचे आजोबा तीनदा वारले!"

"तीनदा?"

"भाताची आवणी, म्हणजे लावणी, आली की याला शेतावर जायचं असायचं. सरांना सांगायचा, आजोबा वारले. तिसऱ्या वेळी सरांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायला लावली. आम्ही माना खाली घालून उभे आणि दारात आजोबा! हातात केरूचा विसरलेला डबा! म्हणाले, 'कोण गेलं रं?'"

पलीकडे कोणीतरी जोरजोरात खोकायला लागलं. दरेकर घाईने म्हणाले, "बरं, बरं, ठेवतो." मी म्हटलं, "थांबा, मोहिनीचा नंबर घ्या! ती केरूच्या मागच्या बाकावर बसायची. तिच्याकडे याहून भारी माल आहे!" त्यांनी नंबर घेतला. मी समाधानाने वामकुक्षी घेतली.

संध्याकाळी दीपकचा फोन. "नाना, सॉरी रे! आपला निवेदक तापाने पडलाय. पुढच्या आठवड्यात करेल तुला फोन."

"अरे, मग दुपारचा तो दरेकर कोण?"

"कोण दरेकर?"

दीपकचा फोन ठेवतो न ठेवतो, तेवढ्यात केरूचाच फोन आला!

"नान्या, सांगायचं राहिलंच बघ! आपल्या सायलीला विंचूरचं स्थळ आलंय. पोरगा रोहित, लय गुणी हाय. पोरापोरीची पसंती झाली, आता फक्त चौकशी राहिली. पोराचे वडील दरेकर म्हनून हाईत, त्यांना तुझाच नंबर दिलाय. म्हटलं, आपल्यात धड बोलनारा तूच एक!"

मी "हो का, वा, वा" असं काहीतरी पुटपुटलो. पण घाव अजून पडायचा होता. मागून सायलीने फोन घेतला. केरूची ही पोर लहानपणी नाशिकला आमच्याकडे आली की माझ्या खांद्यावर बसून पंचवटीत फिरायची. आता कृषी खात्यात नोकरीला आहे. ती हळूच म्हणाली, "काका, चांगलं सांगा हं. मला रोहित मनापासून आवडलाय. त्याच्या बाबांनी आधीची दोन स्थळं चौकशीवरूनच मोडलीत."

मला खरंच रडू आलं. सोन्यासारख्या पोरीचं लग्न मी माझ्या तोंडाने खाचरात ठेवलं होतं, तेही मांडी घालून!

उत्तराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची ती स्मरणशक्ती एकदा गंगेत सोडून या. रामकुंड काही लांब नाही."

मी धीर करून दरेकरांना फोन लावला. "अहो, दुपारी जरा घोटाळा झाला! मी सांगितलं तो दुसरा केरू! तुमचे भोर म्हणजे अगदी देवमाणूस!"

"असं?" दरेकर म्हणाले. "पण आत्ताच मोहिनीबाईंशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, असा केरू शाळेत एकच होता आणि देवाने पुन्हा घडवलाही नाही."

संपलं! दुसऱ्या दिवसापासून दरेकरांचे फोनवर फोन सुरू झाले. मी एकही उचलला नाही. आणखी काही विचारलं आणि माझ्या तोंडून आणखी काही निघालं तर? शेवटी मी मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसला. तिथेही तो वाजत राहिला.

रविवारी केरूने घोटीला बोलावलं. "दरेकर मंडळी येतायत. काय ते तोंडावर सांगू म्हनले. तू पायजेच!" मी जायला निघालो तो फाशीच्या कैद्यासारखा. केरूला आधी सगळं कबूल करायचं ठरवलं होतं, पण केरू नवा सदरा घालून खुर्च्या लावत होता. "नान्या, तू आलास, आता मला घोर नाय," म्हणाला. मीही गुपचूप खुर्च्या लावायला लागलो.

जीप आली. दरेकर उतरले, रोहित उतरला आणि दोघांनी धरून आजींना उतरवलं. कुसाबाई त्यांचं नाव, दरेकरांच्या आई. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमीच का ते नाना? फोन का उचलत नाय वो?"

"आजी, ते... तांदूळ..."

"चार दिस झाले, ह्या माझ्या पोराला, राजूला सांगतीया, लाव फोन, लाव फोन! मला त्या म्हशीचं पुन्यांदा ऐकायचंय!"

मी दरेकरांकडे बघितलं. भारदस्त आवाजाचा तो माणूस लाजून जमिनीकडे बघत होता. म्हणजे त्या दिवशी फोन स्पीकरवर होता आणि ते खोकणं आजींचं हसणं होतं!

केरूला मात्र कशाचाच पत्ता नव्हता. "कंची म्हैस?" त्याने विचारलं.

आजी त्याच्याकडे वळल्या. "पावनं, खरं सांगा. तुमचा आजा तीनदा मेला?"

केरूचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चपला कुठे काढल्यात ते आठवायला लागलो. दारामागे सायली उभी होती, तिचा पदर तोंडात. केरूने एक लांब श्वास घेतला आणि हात जोडले.

"नाय आजी. चारदा. एकदाचं ह्याला म्हाईत नाय."

दरेकर आधी हुं हुं करत होते, मग खुर्चीतून घसरेपर्यंत हसले. रोहित हसला, दारामागे सायली हसली. आजींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ह्याचा बाप गेला तवापासून ह्यो राजू हसला नव्हता. दोन वरीस झाली. घरात भांडं पडलं तरी धसका बसायचा. त्या दिशी फोन ठिवला आन् पोट धरून हसला. मी म्हनलं, पोरगी ह्याच घरातली आनायची. कुंकू लावा!"

केरूने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "नान्या, तुला मी सोडनार नाय." मला ते प्रेमाने म्हटल्यासारखं वाटलं. सायली पाया पडली तेव्हा तर मला पुन्हा रडू आलं. मी सगळ्या गावाला सांगितलं की हे लग्न माझ्या स्मरणशक्तीने जमलं!

लग्न थाटात झालं. नंतर आमच्या मुलासाठी, आल्हादसाठी, संगमनेरचं स्थळ आलं. मुलगी उत्तम, घर उत्तम. ते म्हणाले, तुमच्या एखाद्या जुन्या मित्राचा नंबर द्या. मी ऐटीत केरूचा दिला. ज्याच्या मुलीचं आपण कल्याण केलं, तो आपल्याबद्दल चांगलंच बोलणार!

काल दुपारी केरूचा फोन आला. मागे बरीच माणसं हसत होती.

"नान्या, संगमनेरचे पावने आलेत रे गिरनीवर. लय चांगली मान्सं हाईत."

"अरे वा! मग सांगितलंस ना सगळं चांगलं?"

"सांगतोय की! दम धर. आत्ता कुठं आठवी संपलीय," केरू म्हणाला. "ते तुझं स्नेहसंमेलन नववीतलंच ना रे?"