मेश्रामकाकांचं व्हिएन्ना

दर शनिवारी संध्याकाळी मेश्रामकाका आमची बेल वाजवतात. हातात कापडी पिशवी, डोक्यावर कानटोपी आणि चेहऱ्यावर संप जाहीर झाल्यासारखी काळजी.

"मीनल, उद्या दुकानं बंद राहतील. दूध, ब्रेड, काही आणू का तुझ्यासाठी?"

अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरमध्ये रविवारी दुकानं बंद नसतात. काहींना तर बंद कसं करायचं हेच आता आठवत नसावं. रविवारी बंद असतात ती व्हिएन्नातली दुकानं, आणि मेश्रामकाका उभ्या आयुष्यात कधी व्हिएन्नाला गेलेले नाहीत.

काका मूळचे नागपूरचे. मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होते, आता रिटायर होऊन आमच्या शेजारच्या घरात असतात. त्यांची मुलगी प्रज्ञा इथल्या बिझनेस स्कूलमध्ये असताना एका सेमिस्टरसाठी व्हिएन्नाला गेली, तिथल्या बिझनेस स्कूलमध्ये, एक्स्चेंजवर. त्या लोकांनी येणाऱ्या मुलांसाठी एक माहितीपत्रक पाठवलं होतं. राहायचं कुठे, विमा कसला, कचरा कुठे टाकायचा वगैरे. प्रज्ञाने ते उघडूनही पाहिलं नाही. काकांनी पाठ केलं. सेमिस्टर संपलं तरी प्रज्ञा परत आली नाही. तिथेच नोकरी लागली, मग तिथलाच नवरा. मेश्रामकाकू गेल्या तेव्हा ती येऊन राहून गेली. त्यानंतर त्या घरात काका आणि ती माहिती, एवढंच उरलं.

पण माहिती काकांनी वाया जाऊ दिली नाही. व्हिएन्नात रंगीत काच आणि पांढरी काच वेगवेगळ्या डब्यांत टाकतात, म्हणून काकांच्या गराजमध्ये दोन डबे आहेत. आमचा कचऱ्याचा ट्रक दोन्ही डबे एकाच तोंडात उलटे करतो. त्या वेळी काका मुद्दाम घरात जातात, बघवत नाही त्यांना. तिथे पेला पेल्याला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर अपमान समजतात. त्यामुळे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला काका पन्ह्याचा ग्लास घेऊन एकेकासमोर उभे राहतात आणि "डोळ्यांत! डोळ्यांत बघा, कुलकर्णी!" असं दटावतात. कुलकर्णी आता काका दिसले की पन्हं संपवूनच टाकतात. तिथल्या कॉलेजात तास दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो, म्हणून काका सगळीकडे बरोब्बर पंधरा मिनिटं उशिरा येतात. आमच्या मंडळात त्यामुळे ते वेळेआधी येणारे म्हणून प्रसिद्ध आहेत.

गावातलं कुणाचंही मूल एक्स्चेंजवर युरोपात निघालं की त्याला काकांकडे पाठवायची पद्धत पडली आहे. एक मुलगा माद्रिदला निघाला होता, त्यालाही काकांनी दोन तास बसवून घेतलं. "स्पेनचं मला माहीत नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण तू ट्राममध्ये चढला की तिकिटावर शिक्का मारून घे." माद्रिदहून त्याने फोन केला, की काका, इथे शिक्क्याचं मशीनच नाही. काकांना त्या शहराची कीव आली.

मी हे सगळं खूप हसत सांगत असे. मग माझीच मुलगी, रेवा, व्हिएन्नाला निघाली.

आमच्या डायनिंग टेबलावर तिचा वर्ग भरला. रेवा पहिल्या पाच मिनिटांत फोनकडे वळली. "काका, इट्स ऑल ऑन द वेबसाइट."

"वेबसाइटवर आहेच ना! पण वाचून कोण राहिलं?" काका म्हणाले. "पोचल्याबरोबर पत्त्याची नोंद करायची. घरमालकाची सही पाहिजे. सही नाही, तर तू तिथे नाहीच. काय सांगून राहिलो मी?"

"सही नाही, तर मी नाही," रेवा म्हणाली.

ती गेल्यावर काका रोज अंगणातून ओरडून विचारायचे, नोंद झाली का? मी म्हणायचे, झाली असेल. "असेल नाही, बेटा. कन्फर्म कर." शेवटी वैतागून मी रेवाला मेसेज केला, तर तिची नोंद खरंच राहिली होती. हे मी काकांना सांगितलं नाही. आधीच त्यांच्याशी जिंकणं कठीण.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी रेवाचा फोन आला. ती प्रज्ञाच्या घरी जेवून आली होती. प्रज्ञाताईने पिठलं केलं होतं, छान होतं, घर छान आहे, सगळं छान. मग म्हणाली, "आई, शी आस्क्ड मी समथिंग वीअर्ड. बाबा एकदाही इकडे का आले नाहीत, तुला माहितीये का, असं विचारलं. ते दर फोनला फक्त विमा रिन्यू केला का, ट्रामचा पास काढला का, हेच विचारतात म्हणे. शी थिंक्स त्यांना यायचंच नाहीये."

मी पायांत बूट सरकवले आणि बर्फातून तशीच शेजारी गेले. काका गराजमध्ये बाटल्या निवडत होते. मी आडवळण घेतलं नाही, मला ते जमतही नाही. "काका, तुम्ही व्हिएन्नाला का जात नाही?"

त्यांनी हातातली हिरवी बाटली नीट रंगीत डब्यात ठेवली. "पाहुण्याची नोंद यजमानाने करायची असते. पाहुण्याने स्वतः नाही करायची. नियम आहे."

"अहो, तो होस्टेलचा नियम असेल. तिचं आता स्वतःचं घर आहे."

"माहीत आहे. पण बोलवायला तर पाहिजे ना तिने," काका म्हणाले. "आपण कसं म्हणायचं, की मी येऊन राहिलो म्हणून? तिचा संसार, तिची माणसं. मी विमा विचारतो. तेवढ्यावर ती दोन वाक्यं तरी बोलते."

मला एकदम भरून आलं, आणि थोडा रागही आला, दोघांचाही. प्रज्ञाने रेवाला काय विचारलं ते मी जसंच्या तसं सांगितलं. काका गराजच्या पायरीवर बसले.

"असं म्हणाली?"

"हो."

"मला तिथलं काहीच माहीत नाही गं, मीनल," ते म्हणाले. "तिच्या घरी चपला कुठे काढतात, तेही माहीत नाही."

"मग विचारा तिलाच," मी म्हटलं, आणि ते नको नको म्हणत असताना त्यांच्याच फोनवरून प्रज्ञाचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला.

"जय भीम, बाबा. विमा भरलाय," पलीकडून प्रज्ञा म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. "प्रज्ञा, तुझ्या घरी चपला आत काढतात की बाहेर?"

प्रज्ञा म्हणाली, आणि तिचा आवाज नीट नव्हता, "बाबा, तुम्ही या तर. घालूनच आत या."

"असं कसं? घालून कसं आत यायचं?" काका फोनवर रागावले. "बर्फाचा चिखल असतो तिथे, घर सगळं..." आणि पुढचं त्यांना बोलता येईना.