सरड्यांच्या दारावरची पाटी

घरातल्या दोन्ही सरड्यांनी रंग बदलायचं सोडून दिलं, आणि ते काम दिगंबरराव खांबेट्यांकडे आलं.

त्यांच्या बायकोच्या, शैलाबाईंच्या, ते सुरुवातीला लक्षातही आलं नाही. नवरा मुळात मवाळ. आई म्हणाली पूर्व की पूर्व, बायको म्हणाली पश्चिम की पश्चिम. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. असा माणूस हिरव्या सोफ्यावर हिरवा दिसला, तर कोण दचकणार? पण एके दिवशी ते पेपर शोधत दिवाणखान्याच्या भिंतीपाशी उभे राहिले आणि चष्म्यासकट फिक्या पिवळ्या रंगाचे होऊन तिथेच राहिले.

शैलाबाई भिंतीजवळच्या स्टुलावर चहा ठेवत. कप रिकामा झाला की समजायचं, आहेत. अलीकडे मात्र कप तसाच गार होऊ लागला होता आणि दिगंबररावांचा आवाजही फिका पडत चालला होता. शैलाबाई घाबरल्या. नवरा दिसत नाही हे एक वेळ चालवून घेता येतं, शेजारपाजारच्या कितीतरी बायका घेतात. पण तो ऐकूही येईना झाला, तर त्याला शोधायचं कुठे?

त्या नगरपालिकेत गेल्या. प्राण्यांच्या खिडकीवर निरीक्षक तांबोळी बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सरडे घरात मोकळे असतात?"

"पडद्याच्या दांडीवर असतात. पुतण्या जर्मनीला जाताना ठेवून गेला. गरीब आहेत हो बाळू नि शेवंता."

"असतील. पण रंग बदलायचं काम एका घरात एकाच बाजूला राहतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ठाऊक आहे ना? तुम्ही कुंपणच घातलं नाही. मग त्यांना घरभर मोकळं रान, आणि काम आलं कर्त्या पुरुषाच्या अंगावर."

"कुंपण घातलं तर हे परत येतील?"

"येतात," तांबोळी म्हणाले. "आवाज आहे तोवर."

मग त्यांनी नियम सांगितले. काच चालणार नाही. काचेत सरड्याला स्वतःचंच तोंड दिसतं आणि दुसरा कुणी आला समजून तो चिडतो. बारीक जाळी हवी, म्हणजे हवा खेळती राहते. रुंदीपेक्षा उंची जास्त. आणि दोघांच्या मध्ये आडपडदा.

"अहो, नवरा-बायको आहेत ते."

"म्हणूनच सांगतोय."

खिडक्यांना डासांची जाळी बसवणाऱ्याला बोलावून शैलाबाईंनी बाल्कनीत ॲल्युमिनियमची चौकट उभी करून घेतली. प्रत्येक गोष्ट त्या भिंतीला विचारत होत्या.

"दार इकडून ठेवू का हो?"

"चालेल," भिंतीतून आवाज आला.

"की तिकडून?"

"तेही चालेल."

दर वेळचं 'चालेल' आधीच्यापेक्षा बारीक होतं. शैलाबाईंनी हात भराभर चालवला. आत जास्वंदीच्या कुंड्या ठेवल्या, पेरूच्या फांद्या आडव्या बांधल्या. सरडे वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात, म्हणून औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणून वर टांगली. ऊब द्यायला दिवा लावला तो जाळीच्या बाहेर, अंग भाजायला नको. मध्ये जुन्या चादरीचा पडदा सोडला. नारळ फोडला. आणि पाटीशिवाय घराला घर कोण म्हणणार, म्हणून 'खांबेटे' अशी सुबक पाटी करवून घेऊन जाळीच्या दारावर तारेनं बांधली. मग बाळू आणि शेवंताला उचलून आपापल्या खोलीत सोडलं.

काही झालं नाही. बाळू लालभडक जास्वंदीवर चढून बसला, तो हिरवाच. शेवंताही हिरवीच. शैलाबाई धावत भिंतीपाशी गेल्या.

"अहो?"

बऱ्याच वेळानं "चा" एवढंच ऐकू आलं. पुढचं भिंतीतच राहिलं.

त्यांनी नगरपालिकेत फोन केला. तांबोळी पाहणीला आले, जाळीला बोट लावून पाहिलं, नळीतून पडणारे थेंब पाहून मान डोलावली. मग ते दारापाशी थांबले.

"हे घर कुणाचं?"

"सरड्यांचं."

"पाटी तर खांबेट्यांची आहे."

"घरातलेच आहेत ते. त्यांना परकं कसं करू?"

"मग हे तुमचंच घर झालं, बाई. इथेही कर्ते दिगंबररावच."

शैलाबाईंनी तार सोडवली. तेवढ्यातही त्यांना वाईट वाटलं, लेकरांना वेगळं बिऱ्हाड करून दिल्यासारखं. पाटी उलटी करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर खडूनं 'बाळू व शेवंता' असं लिहिलं आणि ती परत टांगली. बाळूनं एक डोळा पाटीकडे फिरवला, दुसरा शैलाबाईंकडे. मग तो शेपटीकडून हळूहळू लाल होऊ लागला.

आत दिवाणखान्यात कुणीतरी खाकरलं.

दिगंबरराव भिंतीला पाठ लावून उभे होते. लेंगा चुरगळलेला, दाढी वाढलेली, रंग त्यांचा स्वतःचा, सावळा.

"या भिंतीला आतून ओल आहे," ते म्हणाले.

शैलाबाईंनी नवऱ्याला हाताला धरून हिरव्या सोफ्यावर बसवलं. सावळेच राहिले. उठवून निळ्या पडद्यापुढे उभं केलं, मग फ्रिजला टेकवलं, मग देवघराच्या लाल दारापाशी नेलं. ते सगळीकडे दिसत होते. तेव्हा कुठे शैलाबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि पदराला डोळे पुसताना तांबोळी बघताहेत याचंही त्यांना काही वाटलं नाही.

"चहा टाकू?" त्यांनी विचारलं.

"नको," दिगंबरराव म्हणाले.

शैलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग गॅसपाशी गेल्या, तांबोळींपुरतं आधण ठेवलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून पुन्हा एकदा विचारलं.

"नको म्हटलं ना."

आधण उकळेपर्यंत त्यांनी आणखी एकदा विचारून घेतलं.