अळंबीकुळीच्या वीरानें अळंबी न खातां देह ठेविला त्याची हकिकत

विज्ञापना ऐसीजे. मसाका शहरीं, बसतळामागें, पत्र्याखालचे व्हिडिओ-किबांड्यांत, म्हणजे पडद्यावर खेळ दाखविणाऱ्या खोपटांत, खेळांतला वीर कथेस लागतो कीं नाहीं, या कज्ज्यावरून जें रण माजलें, तें आम्हीं बाकावर तळलेले टोळ चघळीत डोळां देखिलें, तेंच लिहितों. खोटें असेल तर जीभ झडो.

किबांड्याचे धनी सालोंगो, जुळ्यांचे बाप म्हणोन ही पदवी. कुळ अळंबीचें, म्हणोन अळंबीस जन्मांत ओठ लाविला नाहीं, कीं आपल्या कुळाची वस्तु खाणें म्हणजे सख्खा भाऊ खाणें, ऐसा मुलुखाचा दस्तूर. माईकाचे सुभेदार मुलिंद्वा, पडद्यावरचें परदेशी बोलणें आपल्या बोलींत रसाळ करून सांगणार. आणि पडद्यावरचा वीर बटणें दाबोन लढविण्याच्या खेळाची खुर्ची तेओपिस्ताबाईंकडे, अंगठे ऐसे कीं समशेर झक मारील.

मुलिंद्वा गर्वें वदले, "वीर कसला, बुजगावणं! मुका मेला. गोष्ट चालते माझ्या गळ्यावर." बाई भडकल्या, "मग सांगा की मामा, त्याच्यावाचून!" मग सालोंगोंचें फर्मान सुटलें कीं आज अखेरचा किल्ला, लोकांस वीराचें कांहीं वाटलें तर मुलिंद्वांनीं माईक सोडावा, न वाटलें तर बाईंनीं खुर्ची. माईक गेला तर मुलिंद्वांचे घरीं केळीं शिजणें बंद, हें सर्वांस ठाऊक.

मुलिंद्वांनीं थट्टेनें वीराची रीतसर ओळख करून दिली कीं हा अळंबीकुळीचा, बाप कोण देव जाणे. लोक खिदळले. सालोंगो तेवढे सावरून बसले.

मग मोर्चे लागले आणि राक्षसानें वीरास ऐसें बदडलें कीं जीव कंठाशीं आला, आणि बाईंनीं वीराचा जीव भरून काढणारी दाणागोट्याची थैली उघडली तों आंत निव्वळ अळंबी. बाई घांस भरवणार, इतक्यांत सालोंगो कडाडले, "खबरदार! आमचं पोर अळंबी खाणार नाही!"

"अहो, चित्र आहे ते," मुलिंद्वा गडबडले. "बरं, घ्या, माकडकुळीत घातला."

"कूळ म्हणजे काय शर्ट आहे, उकडलं की बदलायला?"

"बरोबर आहे!" बाकें गरजलीं.

"अहो पण मरेल तो!" बाई कळवळल्या.

"मरू दे. मानानं मरेल," सालोंगो वदले.

बाईंनीं थैली मिटली. वीर उपाशी लढला आणि रणीं पडला. बाकांवरचे लोक टोळ टाकून उभे राहिले. मुलिंद्वांनीं टवाळी करावयास माईक उचलिला, आणि "पोरा, जेवला पण नाहीस रे" इतकेंच बोलोन धाय मोकलून रडले. मग हरलों म्हणोन कबूल होऊन माईक बाईंचे पायांशीं ठेविला. आम्हांसही रडूं आलें, लपवावें कशाला?

बाई म्हणाल्या, "मला काय करायचाय मामा तो? मला नुसतं मारता येतं. त्याला आपला केलात तो तुम्ही. उठा, वारस सांगा, परत सुरू करायचंय."

मेल्याचे नांवीं वारस उभा राहतो, ही तेथील रीत. मुलिंद्वांनीं नाक पुसोन वारस पुकारिला, सालोंगोंनीं आशीर्वाद दिधला, आणि वारसानेंही थैलीस हात न लावितां राक्षस लोळविला, किल्ला घेतला. वीर कथेस लागतो, ऐसा निवाडा होऊन फत्ते जाहली, ती येथें नमूद केली असे.

जयघोष चालला असतां मागील बाकावरून एक आजी डोळे पुसत विचारती जाहली, "आणि तो राक्षस बिचारा, कुठल्या कुळातला होता रे?"

सर्वांनीं मुलिंद्वांकडे पाहिलें. मुलिंद्वांनीं माईक बंद केला.